मॅडमची बिघडलेली केस

शोकसभेचा व्हिडिओ भावानं पाठवला तेव्हा मी इथं सुरतेत, साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात, डबा उघडून बसले होते. डॉक्टर सरोदे मॅडम गेल्याचं आदल्या आठवड्यातच कळलं होतं, रडूनही झालं होतं. म्हटलं, लोक त्यांच्याबद्दल काय बोलले ते तरी ऐकावं. अकोल्याच्या जुन्या शहरात, त्यांच्या घराजवळच सभा होती. हार घातलेला फोटो... आणि माइकवर मॅडमच्या दवाखान्यातले मोठे सर, त्यांचे वरिष्ठ. म्हणाले, "मॅडमच्या हातून आयुष्यात एकही केस बिघडली नाही." लोकांनी माना हलवल्या. माझा घास तोंडातच राहिला. एक केस बिघडली होती. ती मी.

मी आठवीतून शाळा सोडलेली. पेपरात द्यायचं म्हणून पहिल्यांदाच लिहिते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण त्या सभेत कौतुक म्हणून जे सांगितलं ते खोटं आहे, आणि ते कोणी सांगितलं हे मला ठाऊक आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आमची चांदूर रेल्वेजवळ फुलशेती. शाळा सुटल्यावर मी अमरावतीला राजापेठेत आत्याच्या दुकानात हार ओवायला बसायची. तेव्हाच खालच्या जबड्यात उजवीकडे गाठ आली. अमरावतीच्या दवाखान्यात मॅडमनी ती काढली, सोबत हाडाचा तुकडाही काढावा लागला. त्या जागी त्यांनी हाडासारखा एक तयार पदार्थ भरला. शरीराला तो मानवला तर हळूहळू तिथं आपलंच हाड भरून येतं, असं त्यांनी बाबांना समजावलं. तो कोणाला मानवतो, कोणाला नाही, आणि ऑपरेशननंतर माणसाला पुढं नीट खाता येतं का, हेच त्यांचं संशोधन होतं. त्यांच्या टेबलावर फुटाण्यांची स्टीलची डबी असायची. जखम पुरती भरलेला पेशंट आला की एक फुटाणा हातावर ठेवायच्या. "एक्स-रेच्या फोटोत हाड सगळ्यायचंच चांगलं दिसते. चावून दाखव. मले आवाज आला पाह्यजे." बाकीचे डॉक्टर हसायचे, फुटाणेवाल्या बाई म्हणायचे.

माझी फुटाण्याची पाळी आलीच नाही. काही महिन्यांत गाल सुजला, पू झाला. मोठ्या सरांनी उभ्या उभ्या पाहिलं आणि शिकाऊ डॉक्टरांसमोर म्हणाले, "कडक खाल्लं असेल, नाहीतर तंबाखू-सुपारीचा खर्रा. हे लोक पथ्य पाळतात कुठं?" मी लग्नाची मुलगी, आणि माझी माय तिथंच उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

त्या रविवारी मॅडम न कळवता एसटीनं आमच्या घरी आल्या. माय चुलीपाशी भाकर वरणात कुस्करून गाळणीतून काढत होती.

"कधीपासून करून राहिल्या माय असं?"

"आपरेशन झालं तवापासून. पोरीनं एक शीत चावलं नाही, बाई. अन् तुमचे सायेब म्हन्तेत खर्रा खाते."

मॅडम तिथंच पाटावर बसल्या. बाहेर बाबा गुलाबाची कलमं बांधत होते. मॅडमनी हाक मारून विचारलं, "कलम मेलं त काय करता, भाऊ?"

"कावून मेलं ते पाह्यतो."

"मलेही तेच पाहू द्या. पोरीले अजून एकडाव पाठवा." आणि मग हळूच म्हणाल्या, "चूक तिची नाही."

दुसऱ्या ऑपरेशनात तो पदार्थ काढून माझ्याच कमरेचं हाड बसवलं. ते धरलं. सगळं भरून आल्यावर एक दिवस त्यांनी फुटाणा दिला. मी भीत भीत चावला. कडाक् वाजलं. "ऐकलं का वं माय?" म्हणत त्या मायपेक्षा जास्त हसल्या.

पुढं एकदा तपासणीला गेले तेव्हा दाराबाहेर बसून मी ऐकलं. सर म्हणत होते, "त्या मुलीला संशोधनातून वगळा. पथ्य पाळलं नाही एवढं लिहिलं की झालं."

"पाळलं सर. मी घरी जाऊन पाहून आली."

"स्वतःचंच अपयश छापायची एवढी हौस?"

"हौस नाही. हे लपवलं त उद्या दुसऱ्या पोरीच्या जबड्यात डोळे मिटून हेच भरतीन."

त्यांनी मला वगळलं नाही. पुढच्या कामातून मात्र त्यांनाच वगळलं गेलं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं. आणि ज्यांनी वगळलं तेच आज हार घालून म्हणतात, एकही केस बिघडली नाही! जिवंतपणी जे त्यांच्याकडून करवता आलं नाही, ते त्या गेल्यावर करून टाकलं... मला पुसून टाकलं.

भावाला फोन केला तर म्हणतो, "जाऊ दे न वं ताई. गेलेल्या मानसाबद्दल चांगलंच बोलतेत."

"हे चांगलं हाय का?" मी विचारलं आणि फोन ठेवला.

माझ्या लग्नात मॅडमनी आहेर म्हणून तीच टेबलावरची डबी दिली, फुटाण्यांनी भरून. मांडवात सगळे हसले. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, "दोन्हीकडून चावून राहिली ना?" यंदा तो येणार नाही. डबी इथं माझ्या मशीनशेजारी असते. परवा शेजारच्या बाईनं विचारलं, हे रोज काय कडाकडा वाजवतेस? मी तिला गालावरची खूण दाखवली आणि सगळं सांगितलं, पहिलं ऑपरेशन बिघडलं तिथपासून. मग तिच्या हातावर एक फुटाणा ठेवला, आणि उजवीकडून एक मी चावला.