वळणाखालची विहीर
वेल्ह्याच्या बाजूला एका गावात गेले तेव्हा पिशवीत तक्ता, खडू, कार्डं, अर्धा किलो वाल आणि परतीच्या एसटीची वेळ लिहिलेली चिठ्ठी होती. सोबत परदेशी विद्यापीठातल्या एक बाई. नदी साबणाने खराब होत होती आणि गावाची पिण्याची विहीर धुण्याच्या जागेला लागूनच. उपाय तीन: धुण्याची जागा हलवायची, साबणाच्या पाण्याला शोषखड्डा काढायचा, नाहीतर पिण्यासाठी नवी विहीर खणायची. पद्धत बाईंची: प्रत्येकाने दहा वाल खर्च, शुद्ध पाणी, अंतर, देखभाल या कार्डांवर ठेवायचे, त्यावरून उपायांना गुण. वाद नाही, भाषणं नाहीत. मला ती आवडली होती.

पहिला आला तो स्वस्त उपाय, धुण्याची जागा नदीच्या वळणाखाली न्यायची. सरपंचांनी हात जोडले. निकाल संध्याकाळपर्यंत पुण्याला आमच्या संस्थेला कळवायचा होता. मी बेरीज तिसऱ्यांदा केली. बेरीज बरोबर होती, तरी मन ठिकाणावर येईना.

एका नावापुढे, वाल ठेवलेच नाहीत म्हणून, मीच रेघ मारली होती. बौद्ध वस्तीतल्या मावशी वाल मुठीत धरून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन विचारलं.

"कुठं ठिवू?" त्या म्हणाल्या. "वळणाखाली आमची विहीर हाय. तुमच्या कागदावर ती न्हाईच."

मागून एकजण म्हणाला, आता वस्तीत नळ आलाय की.

"चैत्रात त्याला पाणी येतंय का? माझ्या आयनं जलमभर खालचंच पाणी भरलं, वर येऊ देत नव्हते म्हणून. आता साबण बी आमच्याकडंच धाडता व्हय?"

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांच्याकडे नदीवर धुणं धूत नाहीत, म्हणून हे सुचलं नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे तर तेवढीही सबब नव्हती. मी शेजारच्या भोरची.

कोऱ्या कार्डावर मी लिहिलं, 'घाण कुणाच्या वाट्याला'. निकाल खोडला आणि वाल पुन्हा वाटले. सरपंच म्हणाले, एसटी जाईल तुमची. मी म्हटलं, जाऊ दे.

मावशींनी दहाही वाल त्या कार्डावर ठेवले. या खेपेला धुण्याची जागा आहे तिथेच ठेवून साबणाच्या पाण्याला शोषखड्डा काढायचा उपाय पुढे आला, पण अगदी थोडक्या गुणांनी. त्या कार्डावर एकही वाल न ठेवणारे किती, तेही मी मोजलं. तो आकडा वहीत आहे. अहवालात अजून लिहिलेला नाही, आणि अहवाल उद्या द्यायचा आहे.