हात धुवायला पाणी

मोरे मॅडम कुणाच्याही दारात गेल्या, की नमस्कार होतो न होतो तोच म्हणायच्या, "हात धुवायला पाणी द्या." घरातली बाई तांब्या आणायला वळली, की ह्याही तिच्यामागे. "तू कशाला तरास घेतीस? मीच येते मोरीवर." मग मोरी, रांजण, गोठा, परसातली तुळस असा सगळा फेरफटका झाला, की त्यांचे हात एकदाचे धुऊन व्हायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना स्वच्छतेचं खूळ आहे. परत जीपमध्ये बसल्यावर आमचे ड्रायव्हर जब्बारभाई माझ्या कानाशी लागले, "साब, वो हात नै धोती. बाटल्या ढूँढती."

खरंच होतं ते. खेड्यात फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सहसा कुणी टाकून देत नाही. तिच्यातून पेट्रोल आणतात, डबा असेल तर कापून कोंबड्यांना पाणी ठेवतात, त्यातच तुळसही लावतात. ज्यानं फवारलं त्याच्या घरी आज ना उद्या बाटली दिसणार, हे मॅडमचं शास्त्र. "तोंडी काय सांगू नका," त्या शेतकऱ्यांना म्हणायच्या, "मी बघून घेते."

हे बघणं त्यांची नोकरीच होती. आमच्या संभाजीनगरच्या कार्यालयात विषमुक्त शेतीच्या करारांचं काम चालायचं. गावातले काही शेतकरी एकत्र येऊन गट करायचे. तीन वर्षं रासायनिक खत आणि औषध वापरणार नाही असं सरकारला लिहून द्यायचे. सरकार दर वर्षी त्यांच्या खात्यात अनुदानाचा हप्ता टाकायचं. करार अख्ख्या गटाचा असायचा, त्यामुळे एकानं फवारलं तरी सगळ्यांचा हप्ता जायचा. मॅडम शिवारात जाऊन पाहणार, पटलं तर सही करणार, आणि मग मी ती नावं संगणकावर चढवणार. मी कंत्राटी माणूस. पुंडलिकनगरच्या खोलीतून निघावं, पंख्याखाली बसून कळा बडवाव्यात, संध्याकाळी घरी जावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पण मॅडमना फोटो काढून जागच्या जागी पाठवायला कुणीतरी लागायचं आणि त्या मोबाइलशी कायम भांडत असायच्या. म्हणून माझी वरात जीपमधून निघायची.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो मला फार महागात पडायचा. ज्या गावाचा हप्ता बाकी आहे, त्या गावात चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि हप्ता बाकी नाही असं गाव आमच्या वाट्याला कधी आलंच नाही. लोक हातापाया पडायचे, बायका रुसायच्या, मी केविलवाणा चेहरा करून बघायचो. मॅडम आपला डबा जीपमध्ये बसून खायच्या आणि आम्हालाही तिथंच बसवायच्या. एकदा जब्बारभाई न राहवून म्हणाले, "मॅडम, दो घूँट चाय से सरकार नै डूबती जी."

"सरकार नाय बुडत जब्बारभाई, मी बुडते," त्या म्हणाल्या. "एखाद्याच्या घरचं खाल्लं की त्याच्या मोरीकडं बघायला डोळा धजत नाय."

बाटल्यांवरचा हा राग कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. पैठण रस्त्यानं येताना चितेगाव मागं पडलं होतं आणि कारखान्यांची सुट्टी झाल्यामुळे जीप मुंगीच्या पावलानं चालली होती. त्यांचं माहेर त्याच पट्ट्यातलं. थोरला भाऊ तरणाताठा असताना कपाशीवर फवारता फवारता शेतात कोसळला. जिवानं वाचला, पण डोळ्यांची निम्मी नजर गेली ती गेलीच. "दादा आता भाकरी चाचपून खातो," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मॅडमबद्दल लोक म्हणायचे, बाई खडूस आहे. होत्याच. एका पुढाऱ्यानं कुठल्याशा गटासाठी फोन करून "सही करून टाका" असं फर्मावलं, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "दादा, पैसा सरकारचा हाय, पण सही माझ्या बापानं शिकवलेली हाय. त्याला विचारून सांगते." बाप वारून कैक वर्षं झाली होती. पण ज्याचा हक्क आहे त्याचा हप्ता अडकला, तर हीच बाई त्याच्यासाठी रान उठवायची. एका म्हातारीचं खातं बँकेनं बंद करून ठेवलं होतं. मॅडम तिला घेऊन बँकेत गेल्या, साहेबाच्या टेबलासमोर दोन खुर्च्या ओढल्या आणि आजीला म्हणाल्या, "बस गं माय, साहेबांना सवड झाली की उठू." साहेबांना लगेच सवड झाली.

सोयगावकडचा दगडूनानांचा गट हा मॅडमचा जीव की प्राण. तो त्यांनी स्वतः घरोघर फिरून उभा केला होता. पहिल्या वर्षी कपाशीवर बोंडअळी आली तेव्हा सगळे फवारायला निघालेले. मॅडमनी त्यांना हात धरून थांबवलं, कडुनिंब, सीताफळ, रुई असला पाला कुजवून अर्क करायला शिकवला. खतासाठी बिरा आबा धनगराच्या मेंढ्या आळीपाळीनं प्रत्येकाच्या शेतात बसायच्या आणि बदल्यात आबाला धान्य मिळायचं. तिसरं वर्ष संपत आलं होतं. शेवटचा आणि सगळ्यात मोठा हप्ता उरला होता. त्यावर लोकांनी बरंच काही योजलं होतं, नाना तर विहिरीवर नवी मोटार बसवणार होते. मॅडम मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. मार्चअखेरच्या आत सही झाली नाही तर पैसे परत जाणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही गेलो तेव्हा हरभरा काढून खळ्यावर पडला होता. मॅडमनी नानांच्या घरी हात धुतले, इतरांच्या घरी धुतले, कुठं काही नाही. त्यांचा चेहरा खुलला. मग सहज म्हणून त्या सामाईक विहिरीवर गेल्या आणि काट्यांच्या कुपाटीत त्यांना बाटली दिसली. लेबल गळून गेलेलं, तळाला थोडं औषध. मॅडमनी बूच काढून वास घेतला आणि त्यांचा रंगच उडाला. हा वास त्यांनी झोपेतही ओळखला असता.

"कुणाची हाय?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते आणि नजरेला नजर मिळाली की मान फिरवत होते.

"उद्या सकाळी येते. ज्याची आसंल त्यानं कुठं वापरली ते सांगायचं. नायतर सही इसरा." बाटली पिशवीत घालून त्या जीपमध्ये बसल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. मीही उघडला नाही, आणि माझ्या बाबतीत ही गोष्ट साधी नाही.

दुसऱ्या दिवशी गट मारुतीच्या पारावर जमलेला होता, धुतलेले कपडे घालून, लग्नाला निघाल्यासारखा. दगडूनाना पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "म्याडम, आम्ही सगळ्यांनीच फवारलंय."

"सगळ्यांनी?"

"व्हय. एकूणएक." मागच्या माना हलल्या. "एकाला काढताल तुम्ही, सगळ्यांना कसं काढताल?"

मला हसावं की रडावं कळेना. रात्रीतून ह्या लोकांनी हा डाव रचला होता. प्रत्येकाला वाटत होतं, शेजाऱ्यानं फवारलं असणार. नानांना धाकट्या भावाचा संशय, भावाला चुलत्याचा. पण आपल्यातला माणूस उघडा पडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून गुन्हा अंगावर घेतला होता. एकानं फवारलं तरी सगळे बुडतात, हे कलम एकाच्याही ध्यानात नव्हतं. ही कबुली लिहून घेतली असती तर सगळा खेळ तिथंच आटोपला असता.

मॅडम रागानं लाल झाल्या. पण त्या पारावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. एकेकानं पुढं या. नाना, कशावर फवारलं?"

"हरभऱ्यावर. घाटेअळीला."

"कंचं औषध?"

"ते... पांढरं असतं ते."

"पंपाला किती?"

नाना गोंधळले. "अंदाजानं की."

"कवा फवारलं?"

"एकादशीला."

"म्हंजे तुम्ही उपाशी आन हरभऱ्याला पाजलं?" मागं कुणीतरी फिसकन हसलं. नानांचा भाऊ आला, त्यानं औषध निळं सांगितलं. चुलत्यानं तर औषध पोतंभर आणलं होतं म्हणून सांगितलं. एकेक जण येत होता आणि परीक्षेत आपटत होता. शेवटी मॅडम उठून उभ्या राहिल्या. "एकालाबी फवारता येत नाय! तीन वर्सात इसरलात सगळे!" त्या ओरडल्या, पण आवाजात राग उरला नव्हता. तरी पिशवीतली बाटली होतीच, आणि ती कुणाची हे कळल्याशिवाय सही होणार नव्हती.

तेवढ्यात मेंढवाड्याकडून बिरा आबाची बायको, ठकाबाई, तरातरा चालत आली. बाटली मॅडमनी नेली एवढंच तिच्या कानावर आलं होतं, पुढच्या भानगडीचा तिला पत्ताच नव्हता. ती सरळ मॅडमपुढं उभी राहिली. "बाई, माझी बाटली तुमच्यापाशी हाय म्हणं. द्या की. आजून तळाला हाय थोडं."

मॅडमनी पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढं धरली.

"तुझी बाटली? कशाला लावतीस?"

"मेंढरांच्या गोचिडाला. आन कशाला? हरभऱ्याला गोचिड व्हत्यात व्हय?"

दुसरी कुणी असती तर तिथंच हसून मोकळी झाली असती. मॅडमनी आधी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी औषध दिल्याचं सांगितलं. तेवढ्यानंही भागलं नाही. त्या तडक मेंढवाड्यात गेल्या, हाताला लागेल ती मेंढी धरली आणि तिच्या पाठीच्या लोकरीत नाक खुपसलं. मग दुसरी धरली. तिसरीलाही तोच वास आला आणि त्या तशाच खाली बसल्या, लेंड्यांत, इस्त्रीच्या साडीसकट. त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरून जवळ गेलो तर बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लई भ्याले होते रे," त्या मला म्हणाल्या. "ह्यांनी फवारलं असतं ना, तर मी आयुष्यभर कुणाला काय सांगत फिरले, असं झालं असतं."

माझाही जीव भांड्यात पडला. आपल्याला नुसती नावं चढवायची असतात असं मी समजत होतो, पण त्या दिवशी ती नावं माझीही झाली होती.

मग मॅडमनी पारावर परत येऊन गटाला असं झापलं की बोलता सोय नाही. "एकमेकांवर संशयबी घेतलात आन एकमेकांना झाकलंतबी! दोन्ही एकाच टायमाला! त्यापरीस त्या ठकाबाईला एका शब्दानं इचारलं असतं तर?" बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी तरी कुठं इचारलं म्हणा." ठकाबाईलाही सुटका नव्हती. मेंढरांना औषध विहिरीपाशी लावायचं नाही, लांब खड्डा करून तिथं लावायचं, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. आणि तिथंच, माझ्या पाठीचं टेबल करून, त्यांनी सही केली.

पैसे जमा झाले तो सोयगावचा बाजाराचा दिवस होता. गटातले बरेच जण बाजारातच होते, आणि एकेकाच्या खिशातले मोबाइल वाजायला लागले. नानांनी कार्यालयात फोन केला, तो मॅडमनी कधी नव्हे तो स्पीकरवर ठेवला. मागून भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता. "आलं म्याडम, आलं. समद्यांचं आलं." मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं झालं," आणि चष्मा पुसत बसल्या.

मे संपला, मॅडम निवृत्त झाल्या. कार्यालयात हार, नारळ, भाषणं सगळं झालं. त्याच आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "रविवारी सोयगावला यायचंय का? जीप नाय हां आता, एसटीनं." मी गेलो. जब्बारभाईही स्वतःच्या तिकिटानं आले.

दगडूनानांच्या अंगणात सगळा गट जमला होता. आता त्या गावाचा कुठलाच हप्ता बाकी नव्हता आणि मॅडमची सहीही कुठं लागत नव्हती. घरातून येसराच्या आमटीचा वास येत होता, ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मेंढरं डोंगराकडं सोडून ठकाबाई मुद्दाम आली होती. मॅडम अंगणात आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हात धुवायला पाणी द्या."

नानांच्या बायकोनं घाबरून मोरीकडं पाहिलं. नानांचा भाऊ कोपऱ्यातला कसला तरी डबा पायानं मागं सारायला लागला.

मॅडम सगळ्यांकडे बघत राहिल्या. "असं काय बघायलात?" त्या म्हणाल्या. "जेवायला बसायचंय ना?"

ठकाबाई तांब्या घेऊन आली. मॅडम मोरीकडे गेल्या नाहीत. तिथंच अंगणात उभ्या राहून त्यांनी दोन्ही हात पुढं केले, आणि चिखल झाला तो होऊ दिला.