शाळेपासून मैलभर लांब

पूर्व आफ्रिकेतल्या एका शेटजींना त्यांच्या शाळांसाठी इंग्रजीचा मास्तर हवा होता. जागा दोन होत्या. एक मोंबासा बंदरात, दुसरी आत, रेल्वेच्या छोट्या ठाण्यावर. कुठली घ्यायची ते मी ठरवायचं होतं. शेटजी पुण्याहून मुंबईला निघाले होते. घाट उतरण्याआधी लोणावळ्याला गाडीचे ब्रेक तपासतात, तेवढ्यात मी त्यांना डब्याच्या खिडकीशी गाठलं.

"मोंबासा घ्या, मास्तर. समुद्राचा वारा, मोठा बाजार, आपली माणसं!"

"राहायचं कुठं?"

"हेडमास्तरांच्याच आवारात. अगदी घरच्यासारखं!"

माझं डोकंच फिरलं. लोणावळ्यात तीन वर्षं मी हेडमास्तरांच्या परसातल्या खोलीत घरच्यासारखाच राहिलो होतो. सकाळी त्यांच्या म्हशीला वैरण, संध्याकाळी त्यांच्या मेहुण्याला फुकट इंग्रजी. शेवटी माझ्या बढतीची जागा मिळाली त्या मेहुण्यालाच. शेटजींना गाठायला घरून निघताना आईनं बजावलं होतं, "गाव कंचंबी घे, पर कुनाच्या परसात ऱ्हाऊ नगंस."

"मग आतलं ठाणं," मी म्हणालो. "पण घर शाळेपासून मैलभर लांब हवं. तसं लिहून द्या."

"अहो, तिकडे सिंह फिरतात!"

"फिरू द्या. ते वैरण मागत नाहीत."

शिट्टी झाली. कागद हातात पडेपर्यंत मी खिडकीचा गज सोडला नाही.

तिथं मी सहा वर्षं काढली. सिंह दोनदा दिसले. हेडमास्तर फक्त शाळेत.