धाकटीचं पत्र

तापाला भिणारी माणसं ठाण्यात घरोघर होती, पण खुद्द ताप जिला भ्यायचा अशी बाई एकच, आमची थोरली जाऊ. खाडीपलीकडे कुणी खोकलं तरी हिच्या चुलीवर पेजेचं मडकं चढायचं. पोटदुखी असो, बाळंतपण असो की नवऱ्याचा मार, औषध एकच: तांदळाची पेज आणि वर मिठाचा खडा. शेजाऱ्याचा बैल गळाठला तर त्याच्यापुढेही ही घमेलं घेऊन बसली. बैल दुसऱ्या दिवशी उठला, मग तर विचारूच नका! मिठागरावरचा मुकादम तिचा कट्टर वैरी, बांधावरून रोजची तोंडातोंडी. तो आजारी पडला तेव्हा तीन दिवस त्याच्या उशाशी बसून पेज पाजत होती आणि शिव्याही देत होती. "बरा हो मेल्या, नायतर मी भांडू कोनाशी?"

जाऊचा नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. मी तेरा वर्षांची नवरी होऊन या घरात आले, तेव्हापासून माझी वेणी तिनंच घातली, आणि माझी तिन्ही बाळंतपणंही तिच्याच हातची.

आम्ही किरिस्ताव, पण चर्चला आमच्यात देऊळच म्हणतात. एका रविवारी देवळात पाद्रींनी सांगितलं की समुद्रापार मनिलाला, स्पेनच्या राजाच्या मुलखात, पटकीची साथ आहे, तिथल्या इस्पितळासाठी जुनी लुगडी-धोतरं द्या. जाऊ उभी राहिली. "मी जाते."

"बाई, कपडे मागितलेत, माणसं नव्हेत."

"मंग ते कपडे धुनार कोन, पाद्रीबाबा? तुमी?"

सगळं देऊळ हसलं. मीही हसले. पण ते हसणं तेवढ्यापुरतंच.

मुंबईहून दोन स्पॅनिश सिस्टरी त्या इस्पितळाला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर ती खरोखर गेली. पगार नाही, काही नाही, नुसती सेवा करायला. घरातले पुरुष ओरडून थकले. मी म्हटलं, "अगं, तुला त्यांची भाषा तरी येते का?" तर म्हणाली, "कन्हनं सगळीकडं सारखंच असतं गो." आमच्या घरची रीत अशी, की भात पिकलं की प्रत्येकाच्या नावाचं एक कणीस देवळात आशीर्वादाला न्यायचं, त्यानंतरच नवा तांदूळ शिजायचा. निघताना तिनं मला तेवढंच बजावलं. "माझं कनीस न्यायला इसरू नको, धाकटे. आनि तुझ्या पोरीच्या पयल्या बाळंतपनाला मी येते, बघ."

तिथली बोली ती मोडकीतोडकी शिकली, आणि ती सांगेल तशी तिची पत्रं तिथली मदर स्पॅनिशमध्ये लिहायची. आमच्या पाद्रींना पोर्तुगीज यायचं, म्हणून ते निम्मं वाचायचे आणि निम्मं अंदाजानं सांगायचे. पहिल्याच पत्रात बाईंची बढाई होती: इथली माणसं शहाणी, तापात पेजच देतात, फक्त मीठ कमी घालतात, ते मी सुधारलं आहे.

तीन वर्षं गेली. पोरीला दिवस गेले तसा मी पाद्रींकडून पोर्तुगीजमध्ये निरोप लिहवला, आता ये. उत्तर आलं की साथ पुन्हा उठली आहे, खाटा भरल्या आहेत, कशी येऊ? इकडे पोर दोन दिवस अडली. पोर वाचली, बाळ गेलं.

मी अशी भडकले म्हणता! पण तो राग पाद्रींच्या हातून कसा लिहवायचा? म्हणून मी अक्षरं शिकले. प्रार्थना तोंडपाठ होत्या, प्रार्थनेच्या पुस्तकातल्या एकेका अक्षरावर त्या जुळवत बसले. अख्खा पावसाळा त्यात गेला. मग माझ्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत मी मराठीत लिहिलं: "तू परक्यांची झालीस. तुझं कणीस या वर्षी नेलं नाही. आता येऊ नकोस." पाकिटावर पत्ता आणि 'धाकट्या जावेच्या हातचं' एवढंच पाद्रींनी पोर्तुगीजमध्ये घातलं. पत्र टपालात पडल्यावर माझ्या टाळक्यात उजेड पडला, की जाऊला वाचता येत नाही आणि तिथं मराठी जाणणारं दुसरं कुणी नाही. एवढा खटाटोप करून मी भांडले ती भिंतीशी!

पुढच्या वर्षी भात कापणीला आलं तेव्हा एक गाठोडं आलं. तिचं लुगडं, जपमाळ आणि घड्यांवर विरलेलं माझं पत्र. साथीनं तिलाही नेलं होतं, तिथंच पुरली. मदरनं लिहिलं होतं की हे पत्र ती उशाखाली ठेवायची. प्रत्येक रोग्याला दाखवून सांगायची, "माझ्या धाकटीनं सोता लिवलंय!" काय लिहिलंय असं कुणी विचारलं, की ओळींवरून बोट फिरवत वाचून दाखवायची, पेज चुलीवर ठेवली आहे, हातातलं काम संपवून सावकाश ये.

त्या वर्षी मी तिच्या नावाची दोन कणसं नेली, एक चालू सालाचं आणि एक राहिलेलं. आता मला छापील, हातचं, सगळं वाचता येतं. पण ते पत्र उघडलं की मीसुद्धा ओळींवरून बोट फिरवते आणि तिच्यासारखंच वाचते.