कोंबड्यांचं दुसरं औषध

कासार आंबोलीच्या गोजराबाईच्या वाटेला जाऊ नये, असं सगळा गाव म्हणतो, आणि खरंच आहे ते. बाईनं एकदा डूख धरला की धरला. पण शेजारच्या हैबतरावाला हे कोण सांगणार?

झालं असं, की तिच्या गावरान कोंबड्या पटापट मरायला लागल्या. गळ्याखालची पिशवी फुगायची, दाबली की पचपचायची, आणि कोंबडी उलटी धरली की चोचीतून आंबूस पाणी गळायचं. हैबतरावानं भर चौकात तोंड उघडलं, "जत्रंला देवीला कोंबडं द्येत न्हाई ती. कोप हाय ह्यो. तिची अंडी खाऊ नगा." झालं! तिच्याकडून अंडी नेणाऱ्या बंगलेवाल्यांनी ती बंद केली. विहारात रोज वंदना घेणारी बाई, असल्या कोपाबिपाला भीक घालते होय? पण इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं तुटली, ते जिव्हारी लागलं. "ह्याला रडवला न्हाई तर नावाची गोजरा न्हाई," ती सुनेला, दीपमालाला म्हणाली.

मेलेली कोंबडी घेऊन ती पौडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर अपूर्वानं गळ्याची पिशवी चिरून दाखवली. आतून दह्यासारखा पांढरा थर आणि त्यात केसासारखे बारीक जंत.

"आजी, एक नाही, दोन रोग आहेत. बुरशी आणि जंत. दोन्ही औषधं द्या. नुसते जंत मारलेत तर बुरशी जीव घेईल."

गोजराबाईनं दोन्ही दिली, आंबलेला भात घालायचा बंद केला, खुराड्यातला ओला भुसा काढला. उरलेल्या आठ कोंबड्या तगल्या.

महिन्याभरात हैबतरावाच्या कोंबड्यांचे गळे फुगले. दोघांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर उकरायच्या, दुसरं काय होणार! तो खाली मान घालून दारात आला.

"गोजराबाई, तुझं औषिद दे की."

"न्या की, त्यात काय!" ती मधाळ हसली आणि जंतांच्या औषधाची बाटली त्याच्या हातात ठेवली.

तो गेल्यावर दीपमाला म्हणाली, "आत्या, दुसरी?"

"गप बस."

त्याची एकेक कोंबडी मान टाकत गेली. गोजराबाई रोज सकाळी कुडावरून डोकावायची आणि काय गार वाटायचं तिला! शेवटची मेली त्या दिवशी हैबतराव येऊन पायरीवर बसला. डोळे भरले होते.

"तुझं औषिद खोटं न्हवतं, बाई. जंत पडल्यालं म्या बघितलं. चौकात बोललो ते चुकलंच माजं. देवीच कोपली आसंल."

आता मात्र तिच्या अंगाची आग झाली. इतकं करून नाव देवीचं?

"देवी कशाला कोपतीया? औषिदं दोन हुती. म्या तुमाला एकच दिलं."

 हैबतराव उठला आणि चपला न घालताच निघून गेला. जिंकली होती ती!

संध्याकाळी नातीला खोकल्याचं औषध पाजायला तिनं बाटली उघडली. दीपमालानं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या आत्या, मी पाजते."