मावशीने न पुसलेली बोट

माझ्या मावशीला फडक्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायची हा तिचा धंदा, पण तिच्या बोटीतून उतरलेल्या माणसाला आपलंच घर कळकट वाटायला लागतं. फळ्या, कठडा, इंजिनाचं झाकण, एवढंच काय, मागच्या बाकाखालची डिझेलची टाकीसुद्धा ती प्रत्येक फेरीनंतर पुसते. "टाकी कोण बघतंय?" असं मी एकदा हसून म्हटलं, तर म्हणाली, "मी बघते ना!"

अशा बाईच्या बोटीत डिझेलचा वास यायला लागला! आधी रोजच्या शिक्षिका नाकाला रुमाल लावून बसायला लागल्या, मग गुपचूप दुसऱ्या बोटीने जायला लागल्या. मिस्त्रीने नळ्या बदलल्या, क्लिपा आवळल्या, आडवं पडून टाकीभोवती बॅटरी मारली. सगळं कोरडं ठणठणीत. "ताई, टाकी आरशासारखी आहे हो, गळणार कुठून?" म्हणत त्याने हात टेकले.

घरी काकांची वेगळीच तऱ्हा. काका शिंपी, दुकान घरातच. मावशीच्या कपड्यांचा वास गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लागायचा. एक नवाकोरा कोट त्या वासापायी परत आला, तेव्हा काका भडकले. "एक तर वास जाईल, नाहीतर बोट जाईल!" मावशीच्या तर नाकावरच राग. "विका मग!" म्हणाली आणि अडकली. काकांनी खरंच घेणारा शोधून आणला. आता शब्द मागे घेईल तर ती मावशी कसली!

त्या दिवसापासून तिने बोटीला फडकं लावलं नाही. फेरी मारायची, उतरायची, मागे वळूनही बघायची नाही. "जाणारीला कशाला नटवू?" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. मला काकांचा असा राग आला होता की विचारू नका.

घेणारा दुपारी यायचा होता. सकाळी मी मावशीबरोबर तिचं सामान काढायला गेले. पान्यांचा डबा टाकीशेजारी होता, म्हणून तिने बाकाची फळी उचलली आणि ती तशीच धरून उभी राहिली. टाकीवर धक्क्यावरची बारीक धूळ बसली होती, आणि त्या धुळीतून एक ओली, काळी रेघ कडेपर्यंत गेली होती.

"बॅटरी आण! आधी बॅटरी आण!"

आमची डोकी एकमेकांवर आपटली. टाकीत तेल किती ते दाखवणाऱ्या काट्याची वर एक गोल चकती असते, रेघ थेट तिच्यापासून निघत होती. मावशीने स्क्रू काढले. चकतीखालचं रबरी पॅकिंग चिरलेलं! टाकी भरलेली असली आणि बोट हलली की तिथून थेंब पाझरायचे आणि काठावरून खाली तळाशी जायचे. फेरी संपली की मावशी टाकी पुसून लख्ख करायची. मिस्त्रीला दिसणार काय, कपाळ?

"म्हणजे गळती मीच पुसत होते गं!" असं म्हणून ती मटकन बाकावर बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते नुसतंच यायला लागलं.

मी ते चिरलेलं पॅकिंग घेऊन धावत सुटले. मिस्त्री कुणाच्या तरी इंजिनाखाली होता. त्याने तिथूनच डिझेलला टिकणाऱ्या रबराचा तुकडा दाखवला. "घेऊन जा, कापून घ्या कुणाकडून तरी. माझे हात अडकलेत."

कुणाकडून? मी सरळ काकांच्या दुकानात शिरले. "काका, गळती सापडली!"

काकांनी मशीन थांबवलं. जुनं पॅकिंग रबरावर ठेवून खडूने भोवती रेघ मारली आणि मोठी कात्री उचलली. कापडाशिवाय कशालाही लागली तर धार जाते म्हणून ज्या कात्रीला ते आम्हाला शिवूही देत नाहीत, ती! मी आ वासून बघत राहिले. एकाही ठिकाणी न अडखळता त्यांनी गोल कापला, टोच्याने भोकं पाडली आणि पायात चपला सरकवल्या. काका! ज्यांना धक्क्यावर उभं राहूनही गरगरतं!

पॅकिंग बसलं, स्क्रू आवळले, टाकी गळ्यापर्यंत भरली. काकांनी खडू चुरून चकतीभोवती पसरला. "ओल आली तर लगेच दिसेल," म्हणाले आणि डोळे मिटून बाकाला घट्ट धरून बसले. मावशीने भर नदीत अशा गिरक्या घेतल्या की बोट नुसती डोलत होती.

"अगं हळू! पोहता येत नाही मला!"

"अहो, मग घट्ट धरा!"

धक्क्याला लागल्यावर फळी उचलली. खडू पांढराफटक, कोरडा! मी तर ओरडलेच.

घेणारा धक्क्यावर ताटकळत होता. काका डुलतच उतरले. "बोट विकायची नाही."

"अहो, पण शब्द दिला होतात!"

"माफ करा, पण बायकोला त्याच्या आधी दिला होता," काका म्हणाले. "वास जाईल नाहीतर बोट जाईल. वास गेला."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्या माणसाला हाक मारली. "भाऊ, इतक्या लांबून आलात, पलीकडे फुकट सोडते. पाय तेवढे पुसून चढा."

त्याला सोडून आल्यावर तिने फडकं काढलं आणि साऱ्या बोटीवर फिरवलं. टाकीपाशी मात्र हात थांबला. खडू तसाच ठेवून तिने फळी हळूच खाली टेकवली.

"अगं, तेवढं राहिलं की," मी म्हटलं.

"राहू दे. मी बघते ना."