अजून आठ दिवस

द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकायचा, गर गिळायचा आणि बी दाढेखाली धरून डोळे मिटायचे. तोवर आम्ही सगळे भोवती गप्प उभे. बी चावली की मामा डोळे उघडत आणि बहुतेक वेळा एकच सांगत, "थांबा. बी आजून बोलत नाय."

खालापूरच्या डोंगरावर आमच्या साहेबांनी मुंबईची नोकरी सोडून वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा अख्ख्या तालुक्याने त्यांना वेड्यात काढलं. हा भाताचा मुलूख. इथल्या पावसात वेली जगतील असं कुणालाच वाटत नव्हतं. मी दहिवलीहून स्कूटरवर जायचे, रसायनशास्त्राची पदवी घेऊन. द्राक्षातली साखर मोजायची, आंबटपणा मोजायचा, हे माझं काम. मामा पायथ्याच्या वाडीतले भातशेतकरी, बागेवर कामाला; सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांच्याकडे पदवी नव्हती, दाढ होती. माझ्या यंत्राचं आणि त्यांच्या दाढेचं पटलं नाही की साहेब दाढेच्या बाजूने निकाल देत. सुरुवातीला मला याचा भारी राग यायचा.

गंमत म्हणजे वाइनचा थेंबही त्यांनी कधी घेतला नव्हता. विचारलं तर म्हणत, "आमच्या बापानं माज्या वाट्याची पन पिऊन ठेवलीय, बाय. आता काय उरली नाय." आम्ही हसायचो. ते स्वतः हसत नसत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. वेलींना मात्र पोटच्या पोरींसारखं जपत. एका पावसाळ्यात बुरशी आली, तेव्हा दिवसभर भिजत पानं खुडत राहिले आणि तापाने आडवे झाले. तुम्ही पाहायला हवं होतं, अंथरुणातूनही निरोप येत होते, "खालची पानं काढा रं, वारा खेळू द्या."

चौथ्या वर्षी पहिलं खरं पीक आलं. काळेभोर घड. ही तांबडी वाइन चांगली निघाली तर बाग राहणार, नाही तर डोंगर कुणा बंगलेवाल्याच्या घशात जाणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझं यंत्र म्हणालं, काढा. साहेबही घाईला आले होते. मामांनी मणी चावला आणि म्हणाले, "आजून आठ दिस." आम्ही थांबलो.

त्याच आठ दिवसांत खाली राब पेटले. भाताचं रोप जिथे टाकायचं, ती जमीन आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. वाळक्या फांद्या, पाला, शेण पसरून आग लावायची, म्हणजे तण उठत नाही. मामांचं खाचर नेमकं बागेखाली. दरवर्षीसारखा सकाळी त्यांनी राब पेटवला आणि कामावर आले. धूर चढला आणि दिवसभर वेलींच्या ओळींत बसून राहिला. मी तर नाक भरून वास घेतला आणि म्हटलं, "मामा, किती छान वास येतोय!" मी, रसायनशास्त्राची पदवीधर!

आठव्या दिवशी मामांनी हसून मान डोलावली. पहिला घड त्यांनीच कापला.

थंडीत पहिलं पिंप उघडलं. वाइनची पारख असलेल्या एक बाई शहरातून आल्या होत्या. त्यांनी पेला हुंगला, घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हिला जळका वास आहे. राखेचा."

मी चाखली. खरंच राख. द्राक्षात नव्हतं, ताज्या रसात नव्हतं, मग हे आलं कुठून? साहेब माझ्याकडे वळले. "पिंपं कुणी धुतली होती?" ती मीच धुतली होती. मी रडायच्या बेतात होते.

दारात उभे असलेले मामा आत आले. माझ्या हातातला पेला घेतला, हुंगला आणि आमच्या डोळ्यांदेखत एक मोठा घोट गिळला.

"पोरीला बोलू नका, सायेब. ऐनाच्या फांद्या हायेत, वर शेन. ह्यो माजा राब हाय."

"काय?" साहेबांनी विचारलं.

"माजा राब. तुमी काढा बोलला व्हता. मीच थांबवलं."

बाईंनी सावकाश मान डोलावली. धूर सालीत शिरतो, तेव्हा कळत नाही, वाइन मुरली की बाहेर येतो, असं म्हणाल्या. मामा गप्प राहिले असते, तर जन्मात कुणाला कळलं नसतं. नोकरी माझी गेली असती.

कमरेची कात्री त्यांनी टेबलावर ठेवली आणि ते डोंगर उतरले. साहेबांनी दोनदा बोलावणं धाडलं, पण आले नाहीत. शेलूला नव्या बिल्डिंगीवर वॉचमन झाले, एवढं कळलं.

साहेब म्हणाले, अजून एक पीक बघू. दोन महिन्यांनी घड पुन्हा भरले. आम्ही जीव मुठीत धरून रोज खाली बघायचो. धूर दिसत नव्हता. या वर्षी नशीब बरं आहे, असं एकमेकांना सांगत आम्ही काढणी उरकली.

चार दिवसांनी मामांची चौकशी करायला मी वाडीत गेले. मामी अंगणात होत्या. मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, "द्राक्षां उतरली काय गं?"

"का हो मामी?"

"जाताना ह्ये घरोघर फिरले. डोंगरावरली द्राक्षां उतरल्याबिगर कुनी राब पेटवू नका, बोलले. समदी वाडी थांबलीय बग."

मी बाहेर पाहिलं. एकूण एक खाचरात फांद्या पसरून तयार होत्या. माणसं रोज डोंगराकडे बघत होती आणि काढणी झाल्याचं सांगायला आमच्यातलं कुणीही खाली आलेलं नव्हतं.